आईच्या तोंडातली गोळी

आमचे डॉक्टर गोळी पोराला देत नसत, सोबत आलेल्या आईला देत. टेबलावरच्या बरणीतलं पेपरमिंट तिच्या हातावर ठेवून म्हणत, "ही संपेपर्यंत तुम्ही गप बसायचं. मला पोराशी बोलायचं हाय." कोल्हापुरात लहान मुलांचे डॉक्टर पुष्कळ, पण मोठ्यांना गप्प करणारे हे एकच. पेठ वडगावचे एक आजोबा तर गोळी टेबलावर आपटून तरातरा निघून गेले होते. पुढच्या आठवड्यात नातीला घेऊन पुन्हा आले आणि मुकाट्याने चघळत बसले.

माझ्या लेकीला, सईला, सर्दीसाठी नेलं तेव्हा ती अडीच वर्षांची होती आणि जेमतेम दोन शब्द बोलायची. घरात त्याची काळजी कुणालाच नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "हिचा बाप बी चार वर्सं मुकाच हुता की." मलाही ते सोयीचं होतं. डॉक्टरांनी तिला नाव विचारलं, मी सांगितलं. काय खातेस विचारलं, तेही मीच सांगितलं. मग गोळी माझ्या हातावर आली.

डॉक्टर उठून तिच्या मागे गेले आणि हाक मारली. आणखी मोठ्याने मारली. बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावली, सई मात्र माझ्या तोंडाकडे बघून हसत होती. घरी मी कायम तिच्यासमोर बसून, हातवारे करून बोलायचे आणि तिला सगळं कळतं असं समजायचे.

"पोरगी हुशार हाय. तुमचं तोंड बघून काम भागवती," डॉक्टर म्हणाले. "सर्दीचं बघू मागनं. आधी कान तपासून आणा."

मी रडायला लागले तर रागावले. रडायचं ते घरी जाऊन रडा, म्हणाले, कानाच्या डॉक्टरांना ही चिठ्ठी आजच दाखवायची. त्यांचा तुटकपणा मला तेव्हा अजिबात आवडला नव्हता. पुढे सईच्या कानांना यंत्रं लागली, बोलायला शिकवणाऱ्या बाई मिळाल्या, आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे आमची हजेरी सुरू झाली. गोळी दर वेळी मलाच.

गेल्या वर्षी त्यांनी दवाखाना बंद केला. शेवटच्या दिवशी तिथं भेटायला गेलो तेव्हा त्यांनी नववीतल्या सईला शाळेचं विचारलं. गणित बरं आहे, असं मी सुरू केलं. त्यांचा हात बरणीकडे गेला, पण ती रिकामी होती. सईने दप्तरातून एक पेपरमिंट काढून माझ्या हातावर ठेवलं.

"डॉक्टर, आई अजून माझ्या वाटचं बोलती," ती म्हणाली, आणि जी सुरू झाली ती थांबेना. मला त्यांचे आभार मानायचे होते, वाटेत वाक्यंही जुळवून ठेवली होती. मी गोळी तोंडात टाकली आणि गप्प बसले.