डोहातला बिननावाचा मासा

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत एक रिकामी काचेची बरणी होती आणि तिच्यावर घरूनच चिकटवलेली चिठ्ठी : 'नवी जात'. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत. पण मला दम निघत नव्हता. गेल्या खेपेला गगनबावड्याच्या बाजूला एका डोहात शिंगाडा या मिशाळ माशाच्या कुळातला बोटाएवढा मासा दिसला होता. मिशांच्या चार जोड्या, दगडाला चिकटून राहणारं पोट, शेपटीवर काळा पट्टा. नंतर सगळी जुनी वर्णनं चाळली. असा मासा कुणीच नोंदवलेला नव्हता. मात्र एक तरी मासा स्पिरिटमध्ये कायमचा जपून ठेवल्याशिवाय नव्या जातीचं नाव मान्य होत नाही. तो एक मासा न्यायला मी आलो होतो.

स्टँडजवळ मिसळ खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पुढची गाडी धरली. ऊस मागे पडला, भातखाचरं सुरू झाली.

डोह ग्रामदेवीचा. त्यातला मासा कुणी धरत नाही. वनखात्याची परवानगी मी देवीचे गुरव (पुजारी) बाबूमामा यांच्या हातात दिली. त्यांनी ती न वाचताच परत केली.

"ह्ये सरकारचं झालं, पावणं. आता आईला इचारूया की."

म्हणजे कौल. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

मामांनी हात जोडले. "आई, पावणं लांबनं आल्यात. मासा बघत्यात, मापं घेत्यात आन परत सोडत्यात. व्हय म्हण."

उजवं फूल लगेच पडलं. "घ्या की आता!" मामा खूश.

बिचाऱ्यांनी माझ्या भल्यासाठीच गोड करून विचारलं होतं. गप्प राहिलो असतो तर काम फत्ते होतं. पण मी सांगून टाकलं.

"मामा, परत सोडणार नाही. मारून बरणीत ठेवणार."

मामांनी पडलेलं फूल उचललं. "मग ह्यो कौल खरा न्हाय."

त्यांनी फुलं पुन्हा लावली आणि या वेळी देवीला जसंच्या तसं सांगितलं. आम्ही बराच वेळ उभे होतो. डावं फूल पडलं.

मला रडायचंच काय ते बाकी होतं. मामींनी घरी नेऊन नाचणीची भाकरी आणि कुळथाची आमटी वाढली.

"त्वांड पाडू नगासा," मामा म्हणाले. "फुडल्या साली परत इचारू. आई हितंच हाय, मासा बी हितंच हाय."

खालचे ओढे मी पालथे घातले होते, तिथे हा मासा कुठेच नव्हता. तो इथेच का उरला, हे मला ती भाकरी खाता खाता कळलं. घाई काय ती मलाच होती.

घरी येऊन पिशवी उघडली. रिकामी बरणी पावण्यांनी न्यायची नसते म्हणून मामींनी ती कांदा-लसूण चटणीनं गच्च भरली होती. माशाचं वर्णन लिहून तयार आहे, नावही मनात ठरलंय. बरणी जेवणाच्या टेबलावर असते, चिठ्ठी अजून तशीच आहे. येणारे-जाणारे विचारतात, "नवी जात? नाव काय हिचं?"

मी सांगतो, "अजून कौल मिळायचाय."