आठच्या आकड्यातलं डावं वळण

रोपवाटिकेतल्या त्या गृहस्थाला सगळे 'वादळ' म्हणायचे. नाव ठेवलेलं त्याच्या मेव्हण्याने, आणि त्या मेव्हण्याच्या जिभेला हाड नव्हतं. कारण या माणसाने उभ्या आयुष्यात गाडी कधी चाळीसच्या वर नेली नव्हती. मागे कुंड्या, पुढे हा, आणि त्याच्या पाठीमागे हॉर्न बडवणाऱ्यांची ही भलीमोठी रांग.

पण हौस? विचारू नका! दुपारी रोपांना पाणी घालून झालं की वादळ शेडमध्ये उताणं पडून मोबाइलवर डोंगर चढणाऱ्या पिकअप बघायचं. चिखल, दगड, नाले, आणि त्यात ते गलेलठ्ठ, खाचाखाचांचे टायर. त्याच्या स्वतःच्या पिकअपने डांबरी रस्ता सोडला होता तो फक्त पंक्चर काढायला. तरी हा बायकोला म्हणायचा, "आपल्या गाडीला असे टायर पाहिजेत बघ."

बायको म्हणायची, "आपल्या गाडीला ड्रायव्हर पाहिजे."

तिचं काय चुकलं? रोपं तिची, कलमं तिची, गिऱ्हाइकं तिने जोडलेली. याच्याकडे काम एकच, माल पोचवायचा. आणि हा वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा हाणत बसणार. एका हॉटेलची दर आठवड्याची ऑर्डर अशीच हातची गेली. रोपांनी उन्हात माना टाकल्या होत्या आणि वादळ चौकात एका अनोळखी माणसाला टायरच्या खाचा समजावून सांगत होतं.  दुसऱ्या दिवशी जाऊन बायकोने शिकाऊ लायसन्स काढलं.

पहिल्या परीक्षेत तिने मैदानात मांडलेला शंकू पाडला. दुसरी परीक्षा ठरली शुक्रवारी. हॉटेलवाल्याला तिने गाठलंच होतं. तो म्हणाला, "बाई, गाडी तुम्ही स्वतः आणणार असाल तर सोमवारपासून परत सुरू करू. त्यांना पाठवणार असाल तर नको." म्हणजे या परीक्षेवर सगळं येऊन ठेपलेलं.

आणि गुरुवारी आमचं वादळ टायर बदलून आलं!

त्याचं म्हणणं असं, की गाडी उंच झाली की बायकोला शंकू नीट दिसतील. टायरवाला बिचारा सांगत होता, "दादा, बंपरचा डावा कोपरा आधीच चेपलाय. टायर मोठे आहेत. डावीकडे पूर्ण वळवलंत की अडकणार. तेवढं टोक कापू का?"

"माझ्या गाडीला करवत? हात तर लावून बघ!"

"बरं बाबा. मग डावीकडे वळू नका."

पहिल्याच कोपऱ्यावर खर्रर्र झालं.  मग त्याच्या लक्षात आलं की उजवीकडे तीनदा वळलं तरी माणूस डावीकडेच जातो, आणि या शोधाचा त्याला इतका आनंद झाला की घरी तो शीळ घालतच शिरला. बायकोने टायर पाहिले, कपाळाला हात लावला आणि आत निघून गेली.

शुक्रवारी सकाळी ती उपड्या ठेवलेल्या कुंडीवर पाय देऊन त्या उंच गाडीत चढली. गाडी अर्थात तोच चालवणार होता.

"अहो, मैदान डावीकडे आहे."

"इकडून सावली आहे."

तिसऱ्यांदा उजवीकडे वळल्यावर ती म्हणाली, "परीक्षेला नेताय की गाव दाखवायला?" वादळाने बोट दाखवून वाटेतलं एक झाड दाखवलं.

मैदानात शंकू मांडून आठचा आकडा केला होता. सरावाला म्हणून ती स्टिअरिंगवर बसली. उजवा अर्धा आठ झकास झाला. डावीकडे वळवलं आणि खर्रर्र! स्टिअरिंग जागच्या जागी अडलं. तिने गाडी थांबवली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल... म्हणजे, म्हटलं, उगाच तुला टेन्शन..."

"अहो, आठ निम्मा डावीकडे असतो! मी काय आरटीओच्या साहेबांना नुसतं शून्य काढून दाखवू?" मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "मुद्दाम केलंत का?"

'वेडी आहेस का' हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाहेर पडेना. देवाशप्पथ, मुद्दाम केलं नव्हतं. पण टायर चढत असताना एक विचार येऊन गेला होता, आणि त्याने तो हाकलला नव्हता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मुद्दाम नाही गं. पण तू पास झालीस की मी कशाला उरलो, असं वाटलं होतं खरं."

"रोपांना पाणी कोण घालणार? तुमचा मेव्हणा?"

साहेबांनी नावं पुकारायला सुरुवात केली. तिच्या आधी दोघंच होते. वादळ उतरलं, सीटमागची छाटणीची करवत काढली आणि बंपरपुढे गुडघे टेकून बसलं. 

"तिरकी धरा," खिडकीतून हुकूम आला. "फांदी समजा."

"फांदीला दुखत नाही."

"तुम्हाला येऊन सांगितलं का तिने?"

त्याने डोळे मिटून करवत ओढली. प्लास्टिकचा तुकडा खाली पडला. तिने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. आवाज नाही.

साहेब बुटके होते. दोनदा घसरले, तिसऱ्यांदा वादळाने त्यांना मागून ढकलून गाडीत चढवलं. पण एकदा बसल्यावर ते खूश. "वा, काय उंच आहे हो!" म्हणत इकडेतिकडे बघत राहिले. तिने आठ काढला, उलटी गाडी घेतली, एक शंकू हलला नाही. पास!

वादळ तुकडा काखेत मारून धावत सुटलं आणि पलीकडचं दार उघडून चढायला लागलं.

"नाही हो," ती म्हणाली. "एक फेरी मला एकटीला मारायचीय."

तो उतरला. गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. बोलावतेय, असं वाटून तो पुन्हा पळाला. तिने काच खाली केली.

"अहो, ही सीट पुढे कशी सरकते?"

तेव्हा कुठे त्याला दिसलं. ती सीटच्या अगदी टोकावर बसली होती. पाठीला टेकण नाही. सगळं शिकली ती अशीच, परीक्षाही दिली ती अशीच.

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुमची सीट होती ना."

सीटखालची दांडी गंजून बसलेली. त्याने दोन्ही हातांनी ओढली, शिव्या घातल्या, पुन्हा ओढली. खाडकन आवाज होऊन सीट पुढे सरकली. तिने पाठ टेकली, पाय लांब करून बघितले.

"पोचतात?" त्याने विचारलं.

"पोचतात की."

आणि ती गेली. त्याने हात हलवला, पण तिचं लक्ष रस्त्याकडे होतं.