लिहिणाऱ्याचं नाव

काही ऑफिसांत कामापेक्षा किस्सेच जास्त निघतात, तसं आमचं आहे. बाकीचे ते हसत सांगतात. मला लाज वाटते, कारण बहुतेकांत चूक माझीच असते.

अमरावतीत आम्ही तिघं चिपचं डिझाइन करतो. मालक अकोल्याचे काळे सर, दर्यापूरची वैशाली आणि मी. चिप पूर्ण नव्याने कोणी बनवत नाही, तयार ब्लॉक जोडतात. प्रत्येक ब्लॉकसोबत ठरलेल्या साच्यातली माहितीची फाइल असते. सॉफ्टवेअर ती वाचून जोडणी करतं. या फायली बहुतेक मी लिहितो, काही वैशाली. म्हणजे जुनी कॉपी मारतो आणि लागेल तेवढं बदलतो.

*

चांदूर बाजारच्या मामांनी विचारलं, "तिथं करतं तरी काय बावा तू?" मी सगळं समजावलं.

"म्हंजे बायोडाटा भरतं!" म्हणाले, आणि त्यांच्या पोराचा लग्नाचा बायोडाटा माझ्या गळ्यात मारला. तोही मी सवयीने एका चुलतभावाचा कॉपी केला. उंची तशीच राहिली, पाच फूट अकरा. मुलगी बघायला गेल्यावर आमचा पोरगा नमस्कार करायला उठला. मुलीचे काका म्हणाले, "बाकीचा मांगून येऊन राह्यला का?"

*

फाइलमध्ये ब्लॉकच्या वर्णनासाठी जागा असते. रिकामी सोडली तर तपासणीत लाल खूण येते. मी तिथे 'नंतर लिहितो' असं टाकलं. हिरवी खूण आली, फाइल बंगळुरूला ग्राहकाकडे गेली.

त्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "ही 'नंतर लिहितो' म्हणजे कुठली पद्धत?"

काळे सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या ऑफिसची फार जुनी पद्धत आहे."

*

पुढचा किस्सा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

वैशालीला पर्मनंट करायचं ठरलं होतं. त्याच आठवड्यात ग्राहकाकडे आमचं डिझाइन अडकलं. चिपमध्ये प्रत्येक ब्लॉकला वेगळा पत्ता लागतो, इथे दोन ब्लॉकना एकच दिला गेला होता. सरांनी फाइल उघडली. लिहिणाऱ्याच्या जागी वैशालीचं नाव होतं. फाइल मी केलेली, पण तिच्या फाइलवरून. पत्ता बदलायचा राहिला, तसं नावही राहिलं.

"वैशाली, हे काहून झालं?" सरांनी विचारलं.

तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत बसलो.

"दुरुस्त करून देते सर," ती म्हणाली.

तिचं पर्मनंट होणं सहा महिने पुढे गेलं. सहा महिने मी तिच्या समोरच्या टेबलावर बसत होतो आणि त्या फाइलबद्दल एक शब्द बोललो नाही.

पर्मनंटचं पत्र मिळालं त्या दिवशी तिने पेढे वाटले. माझ्यापुढे डबा धरला आणि हळूच म्हणाली, "दादा, आता कॉपी माराल तं माझं नाव पयले काढत जा."