चाचांची समुद्रगाय

भिंतीला चुना मारण्याआधी पेंटरचाचा परवानगी काढत. भिंतीच्या मालकाची नव्हे. आधीचं चित्र ज्यानं काढलं असेल त्या पेंटरची. शहागंजातल्या जुन्या पेंटरांची ती रीतच होती, पण बाकीच्यांनी ती कधीच गुंडाळून ठेवली होती. चाचा मात्र साबणाच्या एका फिक्या पडलेल्या जाहिरातीसाठी सायकल मारत दौलताबादला गेले होते. तिथला म्हातारा पेंटर म्हणाला, "मार चुना, मला आता दिसतंय कुठं!" मग दोघं चहा पिऊन उठले. "हाताचा हक असतो मॅडम," चाचा म्हणायचे, "पुसायचं तर विचारून पुसायचं."

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. संपत चाललेले समुद्री जीव भर रस्त्यात भिंतीवर रंगवायचे, हे खूळ माझं. आणि तेही दुष्काळात, नळाला आठवडा आठवडा पाणी नसताना! सगळे हसले. चाचा हसले नाहीत. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. माझ्या पुस्तकातली समुद्रगाय बराच वेळ न्याहाळून त्यांनी विचारलं, "ही काय खाती?" समुद्राच्या तळाचं गवत खाते, ते गवत नासत चाललंय, शिवाय जाळ्यात अडकून मरते, असं मी सांगितलं. "म्हंजी हिची बी चाऱ्याचीच बोंब," ते म्हणाले, आणि एका गोदामाच्या मालकाला भिंतीसाठी त्यांनीच पटवलं.

ती भिंत टँकरच्या थांब्याला लागून. रांगेतल्या बाया आम्हाला फैलावर घेत. "आमाला हंडाभर नाय, अन् ह्यांच्या जनावराला अख्खा समुंदर!" त्यात चाचांनी समुद्रगाईला चक्क म्हशीचे कान काढले. मी ओरडले, "अहो चाचा, हिचे कान बाहेर दिसत नाहीत!" तर म्हणतात कसे, "मग ऐकती कशानं?" ते कान पुसायला मला दोन दिवस भांडावं लागलं. डोळे मात्र म्हशीचेच राहिले, आणि खरं सांगते, त्या डोळ्यांनीच काम केलं. वेरूळकडून लेकीकडे राहायला आलेल्या एका धनगर आजींनी घागर खाली ठेवून विचारलं, "हिला चारा छावणी नाय का कुठं?" नाही म्हटल्यावर त्या रांगेतला नंबर सोडून तिच्याकडे बघत राहिल्या.

त्या दिवशी चाचा म्हणाले, "मॅडम, अब तुमी बी पेंटर. ही भिंत तुमची." घरी जाऊन नवऱ्याला मी हे वाक्य तीनदा ऐकवलं.

मग पाऊस बरा झाला, शहर हातपाय पसरू लागलं, आणि फ्लेक्स आले. चाचांचे ब्रश वाळून गेले. दिवाळीच्या सुट्टीनंतर माहेराहून परतले, तर भिंतीवर समुद्रगाय नाही! तिच्या जागी निळ्याशार पाण्यात डुंबणारं एक कुटुंब, आणि वर 'स्विमिंग पूलवाले फ्लॅट'. जवळ जाऊन अक्षरांची वळणं बघितली. तो हात मी हजारात ओळखला असता.

तडक चाचांच्या दुकानात गेले. चाचांनी आधी चहा सांगितला.

"चहा राहू द्या. मला का नाही विचारलं?"

ते रॉकेलमध्ये ब्रश धूत राहिले. "विचारलं असतं तर तुमी नाय म्हटलं असतं."

"मग म्हटलं असतं नाही!"

"मॅडम, तुमचा शौक होता. माझी रोटी हाय."

पोटाचं मला कळत नव्हतं का? त्यांनी येऊन सांगितलं असतं तर मी भांडले असते, चिडले असते, आणि शेवटी चुन्याची बादली मीच धरली असती. पण नजर गेलेल्या म्हाताऱ्यासाठी दौलताबाद गाठणारा माणूस चार गल्ल्या ओलांडून माझ्याकडे आला नाही. बाकी सगळे पेंटर, मी तेवढी मॅडम! चित्राचं दुःख केव्हाच ओसरलं. हे ओसरत नाही.

चाचा वारले तेव्हा मी शहरातच होते. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय. त्यांच्या घरी गेले नाही. गेले असते तर त्यांच्या लेकीनं हात धरून जवळ बसवलं असतं, आणि मी ढसाढसा रडले असते. तेवढी माफीसुद्धा मला त्यांना द्यायची नव्हती.