पुन्हा सुरू झालेलं एन्झाइम

काचेच्या नळीतलं पाणी हळूहळू पिवळं होत होतं आणि मी नुसती बघत बसले होते. पिवळं होतंय म्हणजे त्यातलं एन्झाइम काम करत होतं. त्याला आम्ही प्रकाशाने आकार बदलणाऱ्या पॉलिमरची साखळी जोडली होती. जांभळ्या उजेडात ती आखडून एन्झाइमचं तोंड झाकायची आणि काम थांबायचं. ते केव्हाच जमलं होतं. पण साध्या उजेडात काम पुन्हा सुरू होत नव्हतं. जांभळ्या दिव्याने एन्झाइम मरतच असणार, वर्षभराची मेहनत गेली, असं मी धरून चालले होते. आज शेवटचा प्रयत्न म्हणून जांभळा दिवा अगदी मंद ठेवला होता, आणि तो बंद केल्यावर आता साध्या उजेडात नळी पिवळी होत होती.

थांबवणं सोपं असतं, साध्या उकळत्या पाण्यानेही जमतं. पुन्हा सुरू होता येईल इतक्या हळुवारपणे थांबवणं अवघड. गप्प झालेल्या माणसांनाही आपण किती लवकर संपलेलं ठरवतो.

प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर काम करणारी सुजाता उठून आली. नळी पाहून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“सकाळपासून काही खाल्लंयस का?”

तेव्हा कुठे मला भूक लागली.