रेजिनाला दिलेलं उत्तर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की काहीतरी दुसरंच बोलून उठतो. आज तुम्ही समोर आहात, आणि खरं सांगू? लपवण्याचाही आता कंटाळा आलाय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मुंबईची खोली विकून आम्ही मीरा रोडला आलो होतो. आठवडाभर ऑफिस, आणि रविवारी पेणकरपाड्यातल्या भाड्याच्या खोलीत आमच्या बँडची प्रॅक्टिस. बँड माझा, कीबोर्डवर मी. गायचा डॉमनिक — भाईंदरजवळच्या किनाऱ्यावरच्या पालीचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. एरवी त्याच्या तोंडून शब्द काढणं महाकर्मकठीण. पण उत्तन-पालीकडच्या ख्रिस्ती लग्नांत नवरा-नवरीचा एक संथ नाच असतो, त्याला तो एक जुनं इंग्रजी गाणं म्हणायचा. मूळ गाणं अमेरिकेतल्या कुणा कृष्णवर्णीय गायकाचं. गोष्ट साधीच — बाई सोडून निघालीय, आणि तो म्हणतोय, माझं प्रेम काही थांबत नाही, मी काय करू? अर्ध्या मांडवाला इंग्रजी येत नव्हतं. तरी म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. का? — कारण तो खरोखरच मागत असायचा.

कुणाकडे, ते मला एकट्याला ठाऊक होतं. रेजिना, तिथल्याच तारोडी गावची. "गान्यातनंच सांगतोय," तो मला एकदा म्हणाला होता. "समजंल तिला."

एका रविवारी डॉमनिक यायच्या आधी ती खोलीवर आली. वसईचं स्थळ आलं होतं, घरचे उत्तर मागत होते. दारातच उभी राहून तिने विचारलं, "दादा, खरं सांग. तो ते गानं माझ्यासाठी बोलतोय, का न्हाय?"

आता बघा — एक 'हो' पुरे होता. पण तिच्या वडिलांची बोट होती, मुलगा नव्हता. डॉमनिक जावई झाला असता तर त्या बोटीवर गेला असता, आणि मग लग्नाच्या सीझनला माझ्याकडे गायला कोण? पोटाचा प्रश्न होता म्हणू? नव्हता. पगार होता मला. मला टाळ्या हव्या होत्या — त्याही त्याच्या.

म्हणालो, "अगं, तो सगळ्यांच्याच लग्नात गातो. धंदा आहे तो."

ती हसली. "मला पन तेच वाटलं," म्हणाली आणि गेली.

ती आली होती हे मी डॉमनिकला कधी सांगितलंच नाही. पुढे मांडवात डीजे आले, बँड मोडला, आणि तो शेवटी दुसऱ्या कुणाच्या बोटीवर गेलाच. लग्न केलं नाही. भेटला की अजून मलाच विचारतो, बरा हायस ना? — आणि मी हो म्हणतो.

पण झोप उडते ती याने नाही. बँड मोडण्याआधी, त्याच वसईच्या स्थळाशी ठरलेल्या रेजिनाच्या लग्नाची सुपारी आमच्याच बँडला आली. मी नाही म्हणू शकलो असतो. निदान डॉमनिकला तरी घरी ठेवू शकलो असतो. ती नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून नाचत होती आणि तो गात होता — इतकं चांगलं तो कधीच गायला नव्हता. मध्येच रेजिनाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिला कळलं होतं. गाणं संपलं, पाहुणे ओरडायला लागले — वन्स मोअर. डॉमनिकने माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली.

मी सुरुवातीचे सूर पुन्हा वाजवायला घेतले.