जळगावात नौदलाची सलामी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मुलींच्या कवायत पथकाची प्रमुख म्हणून माझी निवड झाली आणि त्या दिवसापासून मला स्वतःच्या तळहातांची लाज वाटू लागली. मी असोद्याची. बसची वेळ होईपर्यंत भाऊंबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, बागेत केळीची पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटणारे जादा कोंब, कापायची, हे माझं ठरलेलं काम. केळीचा चीक हाताला लागला की काळा पडतो. मग लिंबू चोळा नाहीतर रॉकेल, फक्त वास बदलतो. जळगावच्या मैत्रिणींचे हात कसे स्वच्छ, मऊ. त्यांच्यात मी मुठी मिटून वावरायची.

आता सव्वीस जानेवारीला पाहुण्यांसमोर सलामी द्यायची होती, तीही तळहात पुढे करून. म्हणजे जाहिरातच की. प्रमुखपद तर हवंच होतं, म्हणून काही पळवाट मिळते का बघायला मी वाचनालय गाठलं.

एका जाड कोशात सलामीवर दोन पानं सापडली. युरोपातले चिलखतवाले सरदार एकमेकांना तोंड दाखवायला शिरस्त्राणाची झडप वर करत, त्यातून सलामी आली म्हणे. कुणी म्हणतं, हातात सुरा नाही हे दाखवण्यासाठी. खात्री कोशालाही नव्हती. पोलंडचे सैनिक दोनच बोटांनी सलाम करतात, हे मी परतीच्या बसमध्ये कंडक्टरवर करून पाहिलं, तर त्याने दोन तिकिटं फाडली. माझ्या कामाचं निघालं ते नौदल. जहाजाच्या दोरांना डांबर असायचं, खलाशांचे तळहात काळे व्हायचे. ते साहेबांना दिसू नयेत म्हणून नौदलात तळहात जमिनीकडे वळवून सलाम करतात. वाचून मला इतका आनंद झाला की खलाशांना घरी जेवायला बोलवावंसं वाटलं.

पुढच्या सरावाला मी तसाच सलाम ठोकला. कवायत शिकवायला शिंदखेड्याकडचे एक निवृत्त सुभेदार होते. ते माझ्यासमोर येऊन थांबले आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले,

"जयगावमा समुद्र कोठे शे?"

मी डांबराची कथा सांगितली. वर पदरची दोन जहाजं आणि एक वादळही घातलं. सुभेदारांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"बठ्ठं खरं व्हई," ते म्हणाले, म्हणजे सगळं खरं असेल. "आते हात दखाड."

मी मूठ उघडली. त्यांनी डाग पाहिले, आणि शेतकऱ्याच्याच घरातले असल्यामुळे ओळखलेही.

"चोरीना माल शे का हाऊ? हात मोरे कर. नही ते दुसरी पोर उभी करसू."

दुसरी पोर कोण, ते मला ठाऊक होतं. ती माझ्या शेजारीच, हसू दाबत उभी होती. मी तळहात पुढे केला.

सव्वीस जानेवारीला भाऊ मैदानावर आले. परीटघडीचं धोतर, नवी टोपी. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीला अगदी खेटून, माझ्यापासून चार हातांवर उभे राहिले. संचलन छान झालं. मग पाहुणे रांगेपाशी आले आणि मी कडक सलाम ठोकला, तळहात थेट त्यांच्या चष्म्यासमोर. त्यांनी तो न्याहाळला.

"शाई सांडली वाटतं?" त्यांनी मायेने विचारलं.

"हो, सर," मी म्हणाले. कवायतीचा आवाज, सगळ्या मैदानाला ऐकू जाणारा. पाहुणे मान डोलावून पुढे सरकले. सुभेदार स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. दोरीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या बसमध्ये भाऊंनी मला खिडकीची जागा दिली. शाबासकी दिली, पेढाही दिला. शाईचा विषय नाही. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात पुढच्या बाकावरचे गावातले एक आबा मागे वळले आणि त्यांनी नेहमीचं विचारलं, "काय भाऊ, यंदा केळी कशी काय?"

"केळी कुठली, आबा," भाऊ अगदी गंभीरपणे म्हणाले. "आपली शाई हाये. यंदा बरी पिकली."

आबांना काही कळलं नाही, तरी ते हसले. भाऊही हसले. ते रागावले असते तर मला सोसलं असतं. मी असोदा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या केळीच्याच बागा होत्या.